कुंपणापलीकडची फांदी

सकाळी उठल्यावर माणूस आधी आपल्या अंगणात बघतं. माखोत्सो आधी शेजारच्या अंगणात बघायची. चूल पेटवायच्या आधी, नवऱ्याला आंबील द्यायच्या आधी, डोक्याला रुमाल गुंडाळत ती मागच्या दाराशी यायची आणि कोरफडीच्या कुंपणावरून पलीकडे नजर टाकायची. तिथे तिच्या धाकट्या जावेचं, मालिम्फोचं, पीचचं झाड उभं असायचं. ते ठणठणीत दिसलं की माखोत्सोचा दिवस बिघडायचा. आणि ते झाड रोजच ठणठणीत दिसायचं.

तशी ती वाईट बाई नव्हती. लेकेना गावात कुणाकडे मयत झालं तर पीठ मळायला पहिली तीच हजर व्हायची आणि भांडी घासून शेवटी तीच निघायची. चर्चमध्ये कुठल्याही गाण्याची पहिली ओळ तिने उचलल्याशिवाय बाकीच्या बायकांना सूर सापडत नसे. उंच, रुंद खांद्यांची, साठी उलटलेली ही बाई दिलेला शब्द मोडत नसे. फक्त धाकट्या जावेचं नाव निघालं की तिच्या डाव्या गालाची शीर उडायची. नवरा सेखोबे ती शीर बघूनच ओळखायचा, की आज आंबील जरा जास्तच आंबट लागणार.

लेकेनात पीच नसलेलं घर नाही. मालुती डोंगराच्या माथ्यावर बर्फ असतो आणि अंगावरचं ब्लँकेट अजून उतरलेलं नसतं, अशा ऑगस्टच्या शेवटी एकही पान नसलेल्या काळ्या फांद्यांवर फुलं येतात आणि सगळं गाव गुलाबी होतं. या दोन अंगणांतली दोन झाडं सासूने एकाच दिवशी लावली होती. एकाच झाडाच्या दोन कोया, एक थोरलीच्या दारी, एक धाकटीच्या. बावीस वर्षं झाली. पहिली काही वर्षं दोन्ही झाडं जुळ्या बहिणींसारखी वाढली. मग माखोत्सोच्या झाडाला ते दुखणं लागलं. फुलं झडून पानं उघडली, की आठवड्याभरात ती जाड व्हायची, त्यांच्यावर लाल फोड उठायचे आणि ओलं चामडं विस्तवाजवळ ठेवल्यावर आखडतं तशी ती आखडायची. पुढे पिवळी पडून गळायची. झाड पुन्हा नवी पानं काढायचं, त्यात त्याची सगळी ताकद जायची, आणि फळं वाटाण्याएवढी असतानाच टपटप खाली पडायची.

आणि कुंपणापलीकडे? विळ्याच्या पात्यासारखी सरळ, चकचकीत पानं. फेब्रुवारीत फांद्यांना टेकू लावावे लागत.

"एकाच आईच्या कोया," माखोत्सो म्हणायची, "मग एकीला दूध आणि एकीला पाणी असं कसं?"

याचं उत्तर तिने स्वतःच शोधून ठेवलं होतं. सासूने धाकटीला काहीतरी सांगितलं होतं. सासूचा ओढा पहिल्यापासून धाकटीकडे, याचे पुरावे माखोत्सोकडे ओळीने लावलेले होते. लग्न होऊन आलेल्या सुनेला सासू नवं नाव देते. थोरलीला नाव दिलं माखोत्सो, म्हणजे शांतीची आई. धाकटीला दिलं मालिम्फो, म्हणजे भेटवस्तूंची आई. "शांती काय वाटून खायची असते?" असं तिने सेखोबेला लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं आणि चाळिसाव्या वर्षीही विचारत होती. दुसरा पुरावा याहून पक्का होता. सासूने शेवटच्या तीन थंड्या मालिम्फोच्या घरी काढल्या. त्या घरावर ऊन जास्त वेळ राहतं, म्हाताऱ्या हाडांना बरं, असं सगळे म्हणाले. माखोत्सोला ऊन दिसलं नाही. तिला दिसायचं ते एवढंच, की शेकोटीजवळ दोन डोकी एकमेकांना लागून आहेत आणि काहीतरी बोलणं चाललंय.

मालिम्फोचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलं दूर शहरात. ती बुटकी, हळू चालणारी, हळू बोलणारी बाई एकटीच राहायची. विधवेचा हेवा करायला माखोत्सोला लाज वाटत असे. लाज वाटली तरी हेवा कमी होत नसे, फक्त त्याला एक टोचणी जास्तीची लागायची.

त्या वर्षीच्या जुलैत, भर थंडीत, घरातली सगळी मोठी माणसं माखोत्सोच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसली. येत्या ईस्टरला सासूच्या थडग्यावर दगड बसवायचा होता. सेखोबेची थोरली बहीण मापालेसा राजधानीतून, मासेरूहून, आली होती. घरात तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नव्हता, आणि तिच्या जिभेपुढे कुणाची जीभही नव्हती. मेंढ्या कुणी आणायच्या ते ठरलं. ज्वारीची बिअर कुणी करायची ते ठरलं.

"आणि पीच?" मापालेसा म्हणाली. "जेवणावर शिजवलेले पीच नसले तर आई तो दगड ढकलून उठून बसेल आणि विचारेल, गोड कुठाय?"

सगळे हसले.

"गोडाचं भांडं थोरल्या घरातून निघायचं," मापालेसा पुढे म्हणाली. "आईच्या सासूच्या वेळेपासून आपल्यात तसंच आहे. पण माखोत्सो, तुझं झाड काय म्हणतंय? की या वर्षीही नुसताच सांगाडा?"

मालिम्फो आपल्या गुडघ्यांकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "माझ्याकडे आहेत वाळवलेले. लागले तर..."

"लागणार नाहीत," माखोत्सो म्हणाली. "पोतंभर निघतील माझ्या झाडाचे. स्वतःच्या हाताने शिजवीन."

सेखोबेला खोकला आला. खाणीत तीस वर्षं काढल्यामुळे त्याला खोकला कायमचाच होता, पण हा तो नव्हता, हे माखोत्सोने ओळखलं.

"पोतंभर!" मापालेसा म्हणाली. "ऐका हो सगळे. शब्द दिलाय."

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी माखोत्सोने नेहमीप्रमाणे पलीकडे बघितलं. दर जुलैत दिसायचं तेच दिसलं. मालिम्फोने दोन प्लास्टिकच्या बादल्या मांडल्या होत्या. एकीत मोरचुदाचं निळं पाणी, एकीत भिंतीला लावतात तो चुना. निळं पाणी ती चुन्यात हळूहळू ओतत होती आणि काठीने ढवळत होती. मग तिने त्यात लोखंडी सुरी बुडवली, बाहेर काढून उन्हात धरली, पात्यावर तांबूस झाक आलेली पाहून चिमूटभर चुना आणखी टाकला. पुन्हा सुरी बुडवली. या वेळी समाधान झालं असावं. कापडातून गाळून, गवताची झाडणी त्यात बुचकळून ती उघड्या झाडाला पाणी मारू लागली. बुंध्याला, फांद्यांच्या बेचक्यांना, काड्यांच्या टोकांना. झाडाखाली एकही वाळकं पान नव्हतं, फांद्यांवर मागच्या वर्षीचं एकही सुकलेलं फळ लटकत नव्हतं. मधल्या गर्दी करणाऱ्या फांद्या तिने आधीच काढून टाकल्या होत्या. झाड आतून असं मोकळं होतं, की त्यातून पलीकडचा डोंगर दिसत होता.

मालिम्फोला कुंपणामागची उंच सावली दिसली. ती थांबली.

"रात्र बरी गेली ना, म्मे माखोत्सो?" म्मे म्हणजे आई; थोरल्या जावेला ती अशीच हाक मारायची.

"गेली."

"थंडी फार आहे."

"जुलै आहे."

मालिम्फोने झाडणी बादलीच्या कडेला निथळली. मग ती दर वर्षी म्हणायची तेच म्हणाली, "म्मे, बादलीत बरंच उरलंय. हे उद्यापर्यंत टिकत नाही."

"मग ओतून टाक," माखोत्सो म्हणाली, आणि घरात गेली.

"उरलेलं!" ती चुलीपाशी बसलेल्या नवऱ्याला म्हणाली. "थोरल्या जावेला उरलेलं देते. बोकडाला तरी ताजं गवत घालतात."

"घ्यायचं होतंस," सेखोबे म्हणाला. "झाडाला कुठे कळतं उरलेलं की पहिलं?"

"मला कळतं."

शिवाय मोरचुदात काही नसतं, हे तिने स्वतः पडताळून पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी कुणाला न सांगता, दोन गावं ओलांडून, तिने मोरचूद विकत आणलं होतं. ऑक्टोबरात पानं आखडली, तशी तिने ते पत्र्याच्या बादलीत कालवलं आणि झाडाला भरपूर मारलं. दुखणं दिसल्यावरच औषध द्यायचं असतं, ताप नसताना कुणी गोळी घेतं का? चार दिवसांत राहिलेली पानंही जळून खाली आली आणि बादलीच्या बुडाला भोक पडलं. त्यावरून तिने ठरवून टाकलं, की निळं पाणी हा नुसता देखावा आहे. खरी गोष्ट सासूने शेकोटीजवळ सांगितली ती, आणि ती धाकटीच्या पोटात आहे.

फुलं आली. दोन्ही झाडं सारखीच गुलाबी झाली, आणि ते पंधरा दिवस माखोत्सो माणसात होती. तिने फुलं मोजली नाहीत असं नाही. तिच्या हिशेबाने तिच्याच झाडाला जास्त होती. मग पाऊस आला, थंड आणि बारीक, तीन दिवस. आणि पानं उघडली.

आठव्या दिवशी पहिला लाल फोड दिसला. पंधराव्या दिवशी सगळं झाड आखडलेलं होतं.

सगळं म्हणजे, एक फांदी सोडून. तिच्या झाडाची एक जाड फांदी कुंपणावरून वाकून मालिम्फोच्या अंगणात गेली होती, तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर. त्या फांदीची पानं हिरवीगार होती. सरळ. एकही फोड नाही. पानांच्या मागे लव असलेले इवले पीच रांगेने बसले होते. दर वर्षी असंच व्हायचं, आणि दर फेब्रुवारीत मालिम्फो एका टोपल्यात पीच भरून, वर धुतलेलं फडकं घालून शेजारच्या मुलीच्या हाती पाठवायची. माखोत्सो फडकंसुद्धा न उचलता टोपलं परत करायची. "आमच्याकडे आहेत म्हणावं."

आता ती कुंपणाशी उभी राहून त्या फांदीकडे बघत होती. माझं झाड. माझ्या खड्ड्यातलं, माझं शेणखत खाल्लेलं. आणि माझ्याकडे तोंड वेंगाडतं, तिच्याकडे गेलं की हसतं.

हे एवढ्यावर कदाचित राहिलंही असतं. पण दगड घडवणाऱ्याशी बोलायला मापालेसा पुन्हा गावात आली, आणि चहाचा कप हातात घेऊन मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिने झाड बघितलं, मग फांदी बघितली.

"अगं माखोत्सो," ती म्हणाली, "तुझ्या झाडालासुद्धा तिचंच अंगण मानवतं की!"

तिने हे हसत म्हटलं. मापालेसाचं असं होतं, तिला बोलण्याची चव लागायची, ते कुणाला लागतं याचा विचार नंतर यायचा. ती संध्याकाळच्या टॅक्सीने परत गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माखोत्सोने भिंतीवरची करवत काढली.

"काय करतेस?" सेखोबेने विचारलं.

"माझी फांदी कापतेय."

"आत्ता? रस चढलाय. छाटायचं ते थंडीत..."

"मला शिकवू नका. तुम्ही खाणीत दगड फोडलेत, झाडं नाही."

ती स्टुलावर चढली. ओल्या लाकडात करवत अडकत होती, तरी तिने दम घेतला नाही. शेवटी फांदी आपल्याच भाराने कडाडली आणि साल ओढत पलीकडे खुराड्यावर पडली. कोंबड्या ओरडत उधळल्या.

मालिम्फो धावत बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत पिठाचे होते. ती फांदीजवळ गेली, खाली वाकली, पण पिठाचे हात म्हणून तिने फांदीला स्पर्श केला नाही. मग वर बघितलं. कुंपणापलीकडे स्टुलावर माखोत्सो करवत घेऊन उभी होती, आडवंतिडवं बोलायला सगळी तयार होऊन.

"म्मे," मालिम्फो म्हणाली, "ती एकच होती हो."

"एकच काय?"

"तुमच्या झाडाची. माझ्या हाताला लागणारी."

माखोत्सोने करवतीला चिकटलेला ओला भुसा झटकला.

"दर थंडीत माझं झाड झालं की मी तिलाही हे पाणी मारत होते," मालिम्फो म्हणाली. "या बाजूला येते तेवढीच. कुंपणाच्या पुढे झाडणी नेली नाही कधी. तुमच्या अंगणात येऊन तुमच्या झाडाला हात लावला असता तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

माखोत्सोला ते शब्द न् शब्द माहीत होते.

"सांगायचं होतंस मग," ती म्हणाली.

"थोरल्या जावेला? न विचारता?" मालिम्फोचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दर वर्षी म्हणत होते ना, उरलंय म्हणून!"

"उरलेलं द्यायचं असतं होय थोरलीला?"

"मग काय म्हणू? 'म्मे, तुमचं झाड आजारी आहे, मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, या आणि घेऊन जा'? असं म्हणू? शिव्या खायची हौस नाही मला. उरलंय म्हटलं की नाही तरी म्हणता येतं, हो तरी म्हणता येतं. मी मुद्दाम दुप्पट कालवत होते. दर वर्षी."

कोंबड्या परत येऊन पडलेली पानं टोचू लागल्या.

"सासूबाईंनी तुला शिकवलं," माखोत्सो म्हणाली. करवत आता तिला जड झाली होती. "मला नाही शिकवलं."

"त्यांना कुठे मोरचूद माहीत होतं?" मालिम्फो म्हणाली. "आमचे हे दोन थंड्या सरहद्दीपलीकडे, फ्री स्टेटमधल्या पीचच्या बागेत छाटणीला गेले होते. तिथून शिकून आले. सासूबाई मलाच म्हणायच्या, त्या निळ्या पाण्याने झाड मारशील." ती थांबली. "मग फळं बघितली, आणि शेवटच्या थंडीत म्हणाल्या, थोरलीच्या झाडाचंही काहीतरी कर. मी म्हटलं, त्या विचारत नाहीत. तर म्हणाल्या, ती विचारणार नाही, मी ओळखते तिला. पण तिची फांदी आपल्याकडे आली आहे ना, तेवढी सांभाळ."

माखोत्सो स्टुलावरून उतरली आणि घरात गेली. सेखोबेने चहाचं पाणी ठेवलं. भिंत पातळ होती आणि त्याचे कान चांगले होते.

तीन दिवस ती मागच्या दाराशी गेली नाही. शेकोटीजवळची ती दोन डोकी आता तिला वेगळी दिसत होती. त्या तिच्याबद्दल बोलत होत्या. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा हेवा केला ती गोष्ट तीच होती, हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्यातही एक काटा होताच: सासूने तिला इतकं बरोबर ओळखावं आणि ते धाकटीजवळ बोलावं!

चौथ्या दिवशी ती झाडाजवळ गेली. कापलेल्या जागी सालीची चिंधी लोंबत होती आणि जखमेतून डिंकाचे पिवळे मणी ओघळत होते. एक ओघळून मुंगीसकट थिजला होता. तिने बोटाने तो काढला. दुसऱ्या दिवशी तिथे दोन होते.

ती कुंपणाशी गेली. मालिम्फो कोथी निवडत होती, म्हणजे रानातली पालेभाजी.

"मालिम्फो."

"म्मे?"

माखोत्सोने घसा साफ केला. चर्चमध्ये गाणं उचलताना तिला कधी घसा साफ करावा लागला नव्हता.

"जखमेला काय लावतात?"

मालिम्फोने भाजी खाली ठेवली. आणि मग जे झालं त्याची माखोत्सोला कल्पना नव्हती. ती हळू बोलणारी बाई बोलायला लागली ती थांबेना. कोरडा दिवस बघा, चिंधी धारदार सुरीने काढा, कडा गुळगुळीत करा, वर मोरचूद-चुन्याची घट्ट लापशी चोपडा. आखडलेली पानं वेचून जाळा, खाली कुजू देऊ नका. बुंध्यापासून हातभर अंतर सोडून खत घाला, पाणी द्या. फळं धरली असतील तर निम्मी आत्ताच तोडा, झाड दमलंय. पुढच्या मे महिन्यात पानं गळली, की सुकलेली फळं एकूण एक काढा, आणि पहिलं पाणी तेव्हाच मारा. दुसरं जुलैच्या शेवटी, काड्यांवरचे डोळे फुगायच्या आत.

"एकदा डोळा उघडला म्हणजे संपलं, म्मे. दुखणं आत शिरतं ते तेव्हाच, दिसतं नंतर. दिसल्यावर मारलं तर नुसती पानं जळतात."

"ते माहीत आहे मला," माखोत्सो म्हणाली.

"आणि पत्र्याची बादली घेऊ नका, तिला भोक..."

"तेही माहीत आहे."

मालिम्फोने तिच्याकडे बघितलं आणि खाली मान घालून भाजी निवडायला घेतली. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय हे माखोत्सोला दिसलं, आणि इतकं सगळं तिला तोंडपाठ आहे हेही. गालाची शीर एकदा उडाली.

तिने सांगितलेलं सगळं केलं. पण त्या वर्षी झाडाने दिले एकोणीस पीच. कापून, कोय काढून, छपरावर वाळवल्यावर ते एका बशीत मावले. ईस्टर जवळ आला तशी माखोत्सो ती बशी कपाटातून काढून बघायची आणि परत ठेवायची. बाजारातून आणावेत? मापालेसाची जीभ बाजारचा पीच ओळखते. मालिम्फोकडे मागावेत? मग गोडाचं भांडं थोरल्या घरातून निघालं असं कोण म्हणेल? तिने जखमेला औषध विचारलं होतं, तेवढंच तिच्याच्याने झालं होतं. हे होणार नव्हतं.

आदल्या गुरुवारी मालिम्फो दारात आली. पुढच्या दारात, पाहुणी येते तशी. तिच्या डोक्यावर पिठाची जुनी कापडी पिशवी होती, तोंड दोऱ्याने शिवलेलं.

"मी काही मागितलं नव्हतं," माखोत्सो म्हणाली.

"मी काही देत नाहीये. हे तुमचेच आहेत." तिने पिशवी जमिनीवर ठेवली. "तुम्ही टोपलं परत पाठवायचात ना, ते त्या फांदीचे होते. टाकवेना. वाळवून वेगळे ठेवले. मागच्या दोन वर्षांचे आहेत. माझ्यात मिसळले नाहीत कधी."

माखोत्सोने दोरा तोडला. पीचचा वास घरभर झाला. तिने हात घालून मूठभर बाहेर काढले. केशरी, मऊ, एकसारखे अर्धे भाग, एकही डाग नाही, किडीचं एकही भोक नाही.

"कापलेत मात्र बारीक," ती म्हणाली.

"हो, म्मे."

"सासूबाई जाड कापायच्या."

"हो."

"बस. चहा टाकते."

दगड बसला, प्रार्थना झाली, जेवणं झाली. गोडाचं मोठं काळं भांडं माखोत्सोने स्वतः उचलून बाहेर आणलं. मापालेसाने पहिला वाडगा घेतला, खाल्ला आणि बोटं चाटली.

"निघाले म्हणायचे पोतंभर!" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग तिने चमच्यावर एक तुकडा उचलून डोळ्यांजवळ धरला. "पण ही कापणी मी ओळखते. असं मापून आमच्यात एकटी मालिम्फोच कापते."

मालिम्फो चुलीपाशी लाकूड सारत होती, तिने मान वर केली नाही. माखोत्सोने तोंडातून एक वाक्य काढलं असतं तर भागलं असतं: मी बोलावलं तिला कापायला. खोटंही फार मोठं नव्हतं. माखोत्सोने पळीने भांडं ढवळलं.

"झाड माझं आहे," ती म्हणाली. "पीच माझ्या झाडाचेच आहेत. पण या वर्षीचे नाहीत. माझी एक फांदी तिने राखली, त्या फांदीचे आहेत हे. आणि ती फांदी मी कापून टाकली."

"का?" मापालेसाने विचारलं.

"हेवा वाटला म्हणून."

मापालेसाचं तोंड उघडंच राहिलं. नवऱ्याच्या बहिणीला निरुत्तर झालेलं माखोत्सो आयुष्यात प्रथमच पाहत होती, आणि त्याचा आनंद इतका झाला, की कबुलीची कडू चव क्षणभर गेली. मापालेसाने वाडगा पुढे केला. माखोत्सोने तो पुन्हा काठोकाठ भरला. मागून सेखोबेचा खोकला ऐकू आला. हा खराच होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. माखोत्सोने मग सगळं अंगण पाहिलं: कुणी किती वाडगे घेतले, आणि मालिम्फोने भाजून आणलेल्या पावाला किती हात गेले. पीच जरा पुढे होते.

मे महिन्यात पानं गळली. माखोत्सोने आपल्या झाडाखालचं पान न् पान जाळलं, फांद्यांना चिकटलेली सुकी फळं काठीने काढली. जखमेच्या कडेने नवी साल गोल वळून आत येत होती. मग एका कोरड्या सकाळी कुंपणापलीकडे बादल्यांचा आवाज झाला, तशी ती आपली नवी प्लास्टिकची बादली आणि झाडणी घेऊन पुढच्या वाटेने मालिम्फोच्या अंगणात गेली.

सुरी बुडवून झाली, गाळून झालं. मालिम्फोने सवयीने झाडणी बुचकळली आणि आपल्या झाडाकडे वळली.

"थांब," माखोत्सो म्हणाली. "आधी माझं झाड."

"म्मे?"

"मी थोरली आहे. पहिलं पाणी माझ्या झाडाला." तिने आपली बादली पुढे केली. "उरलं तर तुझ्या झाडाला मार."

मालिम्फोला हसू फुटलं, इतकं की तिला खुराड्यावर बसावं लागलं आणि कोंबड्या पुन्हा ओरडत उधळल्या. माखोत्सो हसली नाही. ती बादली धरून उभी राहिली, आणि काठोकाठ भरल्यावरच तिने ती उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला रुमाल गुंडाळत ती मागच्या दाराशी आली. तिने आधी आपलं झाड बघितलं. खोडापासून टोकापर्यंत निळसर, वाळलेलं, नीट. मग कुंपणावरून पलीकडे बघितलं, आणि दोन्हीकडे निळा रंग सारखाच बसलाय ना, की उरलेल्यातूनही तिचंच झाड जास्त निळं झालंय, हे फांदी फांदी धरून बराच वेळ ताडून पाहिलं.